आधी भात, मग मासा

२०२३ च्या मे महिन्यात मी पंधरा दिवस जपानला जाऊन आलो. माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. निशी-कसाई नावाच्या वस्तीत तो राहतो. तिथे भारतीय कुटुंबे इतकी आहेत, की कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणि कढीपत्ता दोन्ही मिळतात. निघताना घरातल्या सगळ्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती, "तिकडे कच्चे मासे खातात. जपून खा."

मी रत्नागिरीकडचा. मासे खाण्यात हयात गेली. पण कच्चा मासा म्हटल्यावर माझ्याही पोटात थोडे ढवळलेच. पहिल्या रात्री भाचा मला एका लहानशा सुशीच्या दुकानात घेऊन गेला. एक लांब लाकडी फळी, तिच्यासमोर आठ खुर्च्या आणि फळीपलीकडे साठीचा कारागीर. बाकी काही नाही.

परदेशात मुसलमान माणसाला माशाचा मोठा आधार असतो. कोणी कापला, कसा कापला, हा प्रश्नच येत नाही. मात्र बरोबरीच्या पदार्थांत दारू नाही ना, एवढे विचारून घ्यावे लागते, कारण जपानी स्वयंपाकात मिरिन नावाची गोडसर दारू सर्रास वापरतात. भाच्याने तसे विचारले. कारागीर म्हणाला, "भातात शिरका, मीठ आणि थोडी साखर. दुसरे काही नाही." मग हसून म्हणाला, "परदेशी पाहुणे माशाचीच चौकशी करतात. तुम्ही भाताची केलीत, ते बरे केलेत. सहा भाग भात आणि चार भाग मासा, तेव्हा कुठे सुशी होते, असे आम्ही म्हणतो."

हे मला नवे होते. सुशी म्हणजे कच्चा मासा, हा माझा समज तिथेच गळून पडला. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत 'साशिमी' म्हणतात, तो पदार्थच वेगळा. 'सुशी' या शब्दात मासा कुठेच नाही. त्याचा मूळ अर्थ 'आंबट' असा आहे. काकडीची सुशी असते, अंड्याची असते, टोफूच्या तळलेल्या पिशवीत भात भरलेलीही असते. भात आंबट हवा, एवढी एकच अट.

मग या आंबट भाताची आणि माशाची गाठ कुठे पडली? या प्रश्नाचे उत्तर मला पुढच्या आठवडाभरात, प्रवास करता करता मिळत गेले. टोकियोहून पश्चिमेकडे जाणारी गाडी धरली, की सुशीचा इतिहास उलटा उलगडत जातो. आधी ताजा, मग जुना, मग फार जुना. त्याच क्रमाने तो तुम्हाला सांगतो.

टोकियोत आपल्यापुढे येते ती 'निगिरी', म्हणजे मुठीत दाबून केलेली सुशी. जगभर हीच सुशी म्हणून ओळखली जाते. पण तिचे वय दोनशे वर्षांचे आहे. टोकियोला तेव्हा एदो म्हणत. १८२० च्या दशकात एदोतल्या र्योगोकु भागात हानाया योहेई नावाचा एक सुशीवाला होता. त्याचा जन्म १७९९ चा, मृत्यू १८५८ चा. निगिरीचे श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते. त्याआधी भात आणि मासा साच्यात भरून, वर वजन ठेवून काही तास दाबून ठेवावे लागत. एदो हे घाईच्या माणसांचे शहर. सुतार, गवंडी, हमाल, नोकर, सगळे उभ्या उभ्या खाणारे. त्यांना थांबायला वेळ नव्हता. योहेईने भाताचा गोळा हातातच दाबला, वर मासा ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. आज ज्या पदार्थासाठी लोक महिनामहिना आधी जागा राखून ठेवतात, तो असा रस्त्यावरच्या गाडीवर वाढला. आपल्या वडापावच्या जातीचा म्हणा ना! गोळाही तेव्हा आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे. पुढे सुशी महागडी होत गेली. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने काटकसरीचे हुकूम काढले, तेव्हा चैनीची सुशी विकणाऱ्यांना शिक्षा झाल्या. खुद्द योहेईच्या हातात बेड्या पडल्या, असे सांगतात.

आणखी एक गोष्ट. त्या काळी बर्फाची सोय नव्हती. त्यामुळे योहेईच्या गाडीवरचा मासा आजच्यासारखा कच्चा नसायचा. कोणता शिरक्यात मुरवलेला, कोणता सोया सॉसमध्ये बुडवलेला, कोणता उकडलेला. कच्च्या माशाची रेलचेल झाली ती बर्फ आणि शीतपेट्या आल्यावर. म्हणजे ज्या गोष्टीला आपण सुशीचा प्राण समजतो, ती सगळ्यात शेवटी आलेली.

आणि शिरका? तांदळाची दारू गाळल्यावर जो चोथा उरतो, त्याच्यापासून शिरका करण्याचा उद्योग नागोयाजवळच्या हांदा गावात नाकानो माताझाएमोन नावाच्या दारूवाल्याने १८०४ मध्ये सुरू केला. तो स्वस्त, लालसर शिरका जहाजांतून एदोला जाई आणि तिथल्या सुशीवाल्यांच्या भातात पडे. टोकियोतली काही दुकाने आजही तोच वापरतात. हे सांगून भाचा मला चिडवत म्हणाला, "मामू, बघा, शेवटी दारूवाल्याच्याच घरचा शिरका!" मी म्हटले, "बेटा, दारूचा आपोआप शिरका झाला, की ती दारू राहत नाही. आपल्या जुन्या जाणत्या लोकांनी हे केव्हाच मान्य केले आहे. आणि शिरका तर पैगंबरांच्या आवडीचा." वस्तू बदलली की तिचे नाव बदलते आणि तिच्याशी वागण्याचा कायदाही बदलतो, यात शहाणपण आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

निगिरी ही मुळात एदोची, म्हणजे एका शहराची. ती जपानभर झाली ती संकटांमुळे. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसरात प्रचंड भूकंप झाला. शहर जळून गेले. सुशीचे कारागीर आपापल्या गावी परतले आणि त्यांनी तिथे दुकाने काढली. दुसरे महायुद्ध संपल्यावर अन्नधान्याची भीषण टंचाई होती. १९४७ मध्ये सरकारने खाणावळी बंद करायला लावल्या. सुशीवाल्यांनी एक वाट शोधली. गिऱ्हाइकाने आपले एक मापटे, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ आणायचे, दुकानदाराने त्याच्या बदल्यात दहा सुशी करून द्यायच्या आणि फक्त मजुरी घ्यायची. म्हणजे हे दुकान नव्हे, आपल्याकडच्या पिठाच्या गिरणीसारखे काम झाले. ही सवलत निगिरीच्या हिशेबाने ठरली होती. त्यामुळे गावोगावच्या आपापल्या सुश्या मागे पडल्या आणि एदोची सुशी 'जपानची सुशी' झाली.

त्यानंतर १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यातला बाटल्या वाहणारा पट्टा पाहून बशा फिरवणारा पट्टा बसवला. अशा फिरत्या पट्ट्याच्या दुकानात आम्ही दुसऱ्या दिवशी जेवलो. समोरून बशा जात राहतात, हवी ती उचलायची. माझ्या शेजारची चार वर्षांची मुलगी एकामागून एक केशरी रंगाच्या सामन माशाच्याच बशा उचलत होती. हा सामनही अगदी अलीकडचा. जपानी लोक आपल्या समुद्रातला सामन कच्चा खात नसत, त्यात जंत असण्याची भीती असते. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सामन तिथे नेला, लोकांच्या मनातली अढी हळूहळू घालवली आणि आज तो मुलांचा लाडका आहे.

सुशीच्या गुंडाळीभोवती जे काळे पापडासारखे 'नोरी' असते, ते समुद्रातल्या शेवाळाचे. त्याचीही कथा अशीच दूरवरून आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर नोरीचे पीक फार घटले होते. ते शेवाळ उन्हाळ्यात कुठे गडप होते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर या संशोधक बाईंनी १९४९ मध्ये शोधून काढले, की ते त्या काळात शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म रूपाने वाढत असते. त्या माहितीच्या बळावर जपानी शास्त्रज्ञांनी नोरीची शेती बसवली. बाई कधीच जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या. पण कुमामोतो प्रांतातल्या उतो गावात समुद्राकडे तोंड करून त्यांचे स्मारक उभे आहे आणि दर १४ एप्रिलला तिथले लोक त्यांच्या नावाने उत्सव करतात. 'समुद्राची आई' म्हणतात त्यांना.

चौथ्या दिवशी आम्ही क्योतोला निघालो. टोकियो स्थानकात गाडीत खाण्यासाठी डबे विकणारी दुकाने आहेत. देशभरातले डबे एका जागी मिळतात. मी तोयामा भागातली माशाची सुशी घेतली. गोल लाकडी डबी, आत बांबूची हिरवी पाने, पाने उलगडली की खाली ट्राउट माशाचा गुलाबी थर आणि त्याखाली दाबलेला भात. सुरीने भाकरीच्या चतकोरासारखे तुकडे कापून खायचे. तोयामाच्या स्थानकावर ही सुशी १९१२ पासून विकली जाते. गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे धावत होती. ना रस्सा सांडत होता, ना वास सुटत होता. आमच्या लहानपणी मुंबईच्या प्रवासाला निघताना आजी दशम्या बांधून द्यायची, त्याची आठवण झाली. टिकणारे आणि हाताने खाता येणारे अन्न, प्रवाशाला आणखी काय हवे? तेव्हा लक्षात आले, की फळीसमोर बसून खायची सुशी ही नवी रीत. वाटेवर खायची सुशी तिच्याहून जुनी.

क्योतोत याचा पुरावाच मिळाला. क्योतो हे हजार वर्षे राजधानीचे शहर, पण समुद्रापासून लांब. उत्तरेला वाकासाच्या उपसागरावर ओबामा नावाचे बंदर आहे. तिथे पकडलेल्या 'साबा' माशाला, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भाऊबंदाला, मीठ लावून माणसे तो पाठीवर घेऊन डोंगरवाटेने क्योतोला चालत यायची. सत्तर किलोमीटरच्या वर अंतर. पोचेपर्यंत एक दिवस-रात्र जाई आणि तेवढ्यात मासा बरोबर हवा तितका मुरलेला असे. त्या वाटेला आजही 'साबाची वाट' म्हणतात. क्योतोत हा मासा शिरक्यातून काढून भातावर दाबतात आणि सणासुदीला खातात. चव मला ओळखीची वाटली. खारवलेला बांगडा ज्याने खाल्ला आहे, त्याला त्यात परके काही वाटणार नाही.

क्योतोहून गाडीने दहा मिनिटे पूर्वेला गेले, की बिवा सरोवर लागते. जपानमधले हे सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या पश्चिम काठाने आम्ही तकाशिमा गावापर्यंत गेलो, कारण जपानमधली सर्वांत जुन्या पद्धतीची सुशी इथे टिकून आहे. तिचे नाव 'फुनाझुशी'. निगोरोबुना नावाचा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला एक मासा फक्त याच सरोवराच्या परिसरात होतो. वसंतात गाभोळीने भरलेली मादी पकडायची. पोट न चिरता, कल्ल्यांच्या वाटेने आतडी काढायची आणि गाभोळी तशीच ठेवायची. काही महिने मिठात ठेवायचे. भर उन्हाळ्यात धुऊन, वाळवून, शिजलेल्या भाताच्या थरांत लाकडी पिंपात भरायचे आणि वर दगड ठेवायचे. मग निदान हिवाळ्यापर्यंत, कधी दोन वर्षेसुद्धा, हात लावायचा नाही. आत भात आंबत राहतो. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच भाईबंद भाताची आंबट आम्ले करतात आणि त्या आंबटपणात मासा सडत नाही. हाडेदेखील मऊ होतात. शेवटी भाताचा लगदा होतो. तो बहुतेक पुसून टाकतात आणि मासा खातात.

म्हणजे सुरुवातीला भात हे खाणे नव्हतेच, ते माशाचे औषध होते. पुढे लोकांना वाटले, एवढा भात का टाकायचा? म्हणून मुदत कमी करून, भात खाण्याजोगा असतानाच पिंप उघडू लागले. पुढे आंबण्याची वाट पाहण्याऐवजी शिरका घालू लागले. शेवटी योहेईने तेवढीही वाट पाहिली नाही. वर्षाचे महिने झाले, महिन्यांचे तास झाले, तासांचा क्षण झाला. टोकियोच्या फळीवर मी जो आंबट भात खाल्ला, तो त्या पिंपातल्या भाताची आठवण होती.

दुकानातल्या आजीबाईंनी माशाचे कागदासारखे पातळ काप बशीत मांडून दिले. मध्ये नारिंगी गाभोळी. वास म्हणाल तर जबर! भाचा खिडकीजवळ जाऊन उभा राहिला. मी तुकडा तोंडात टाकला. आधी मीठ, मग लिंबासारखा झणका आणि मागाहून जुन्या चीजसारखी दाट चव. मी दुसरा उचलला, तेव्हा आजीबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे पोट बिघडले की हेच खातात. हल्लीच्या मुलांना मात्र वास सोसत नाही."

हे सगळे मुळात आले कुठून? जपानच्या ७१८ सालच्या सुमारास तयार झालेल्या कायद्यात करापोटी सुशी भरण्याचा उल्लेख आहे. ९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या 'एंगिशिकी' या राजनियमांच्या ग्रंथात कोणत्या प्रांताने कोणती सुशी दरबारात पाठवायची याच्या याद्या आहेत. त्यांत माशांबरोबर हरणाच्या आणि रानडुकराच्या मांसाच्याही सुश्या आहेत. त्याही आधी चीनमध्ये या पदार्थाचे शब्द सापडतात. ओसाकाच्या राष्ट्रीय मानववंश संग्रहालयातले अभ्यासक इशिगे नाओमिची यांच्या मते, याचे माहेर आग्नेय आशियात, मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत आहे. आजही थायलंडमध्ये, लाओसमध्ये, फिलिपाइन्समध्ये मासा मीठ-भातात आंबवतात. पावसात नदीचे पाणी खाचरांत शिरते, त्याबरोबर मासे येतात. चार दिवस मासेच मासे, मग वर्षभर काही नाही. मीठ होते, भात घरचा होता. त्यातून ही युक्ती निघाली. म्हणजे सुशीचा जन्म समुद्रावर झालाच नाही. तो शेताच्या बांधावर झाला.

कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की आमच्याकडे चढणीचे मासे ओढ्यातून उलटे वर येत, थेट भाताच्या खाचरात. आम्ही पोरे कंदील आणि टोपल्या घेऊन रात्री बाहेर पडायचो.

मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला आयुष्यभर एक प्रश्न पुरतो. "तुमची मूळ भाषा कोणती?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. 'मूळ' म्हणजे एक जागा, एक वस्तू, कुठेतरी जपून ठेवलेली, असे आपण धरून चालतो. बिवाच्या काठी मी भाच्याला विचारले, "मग अस्सल सुशी कोणती? योहेईची, साबाची की ही?" त्याने आजीबाईंना विचारले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अस्सल-बिस्सल राहू द्या. मासा राहतो की नाही, ते बघा."

त्यांचे दुखणे खरे होते. निगोरोबुना फार कमी झाला आहे. काठावरची वेताळ बेटे गेली, बाहेरून आणून सोडलेल्या बास आणि ब्लूगिल या माशांनी पिल्ले खाल्ली. आणखी एक कारण आहे. या माशाच्या माद्या अंडी घालायला भातखाचरांत येत असत. उथळ, उबदार पाणी आणि पिल्लांना भरपूर खाणे. १९७० नंतर शेतीसुधारणा झाली, निचऱ्याचे चर खोल खणले गेले. शेते कोरडी करायला ते सोयीचे झाले, पण चर खाली आणि खाचर वर असा फरक पडला. माशाला वर चढता येईना. भात पिकत राहिला, मासा सरोवरात राहिला आणि हजारो वर्षांची त्यांची भेट थांबली.

परतताना आजीबाईंनी आम्हाला रस्त्यापलीकडचे एक शेत दाखवले. नुकतीच लावणी झालेली, पाण्यात आभाळ उतरलेले. शेजारच्या चरात शेतकऱ्यांनी थोड्या थोड्या अंतरावर लाकडी फळ्या बसवल्या होत्या. पाणी पायरीपायरीने चढत खाचराच्या पातळीला आले होते. ही माशांची वाट. या भागातले शेतकरी वीसेक वर्षांपासून हे करत आहेत. त्या शेतांना ते 'माशांचा पाळणा' म्हणतात आणि तिथला तांदूळ त्याच नावाने विकतात. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने बिवाच्या काठची ही शेती आणि मासेमारी जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून नोंदवली.

आम्ही बांधावर उकिडवे बसून पाहत राहिलो. बराच वेळ काही दिसेना. भाच्याने दोनदा घड्याळ पाहिले. मग चौथ्या फळीपाशी पाणी हलले. एक काळसर पाठ वर आली, फळीला धडकली, मागे गेली. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला ती वरून निसटून खाचरात शिरली आणि कोवळ्या रोपांच्या ओळींमधून एक रेघ ओढत आत निघून गेली.

"मामू, गाडी चुकेल," भाचा म्हणाला. मी म्हटले, "पुढची आहे ना?"